दोर धरणाऱ्याचे नाव



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर संपाच्या आठवणी सांगाव्या. सुटीत दोराला लोंबकळण्याच्या आणि नदीत तरंगण्याच्या मौजेवर हा काय बोलणार, असे कोणी मनात म्हटले असेल तर त्याला मी दोष देत नाही. पण हा विषय मी जाणूनबुजून घेतला आहे, आणि तो कामगारांचाच विषय आहे असे माझे म्हणणे आहे.

आधी ही मौज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मध्य अमेरिकेत बेलिझ नावाचा एक लहानसा देश आहे. तेथे सुटीवर जाणाऱ्या पाहुण्यांचा एक ठरीव कार्यक्रम असतो. सकाळी उंच झाडांमध्ये ताणलेल्या तारेला कमरेच्या पट्ट्याने स्वतःला अडकवून घ्यावयाचे आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे सुसाट घसरत जावयाचे. हिला झिपलाइन म्हणतात. दुपारी फुगवलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून, कपाळावर दिवा बांधून, चुनखडीच्या डोंगरातील काळोख्या गुहांमधून नदीच्या प्रवाहाबरोबर वाहत जावयाचे. संध्याकाळी पाहुणे आपापल्या बोटीवर किंवा हॉटेलात परततात आणि दिवस कसा मजेत गेला म्हणतात.

हे ऐकून परदेशातल्या श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यात रबरी तराफे सुटतात आणि नदीवर आडवी तारही ताणलेली असते. आपल्या अलिबाग तालुक्यात किहीमच्या किनाऱ्यावर तेच खेळ समुद्राच्या रूपाने आले आहेत. वेगाची बोट पाहुण्याला दोराने ओढते, त्याच्या पाठीवरचे पॅराशूट फुगते आणि तो पाण्यावर तरंगू लागतो. केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर पाच-सहा माणसे बसवून त्यांना लाटांवरून फरफटत नेतात. मुंबईहून मांडव्याला लाँच पूर्वीपासून येतच होती. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन येणारी मोठी बोटही सुरू झाली. मांडव्याला उतरले की किहीम हाकेच्या अंतरावर. त्यामुळे शनिवार-रविवारी किहीमच्या सुरूच्या बनात गाड्यांना जागा पुरत नाही.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकावयास सोपे जाईल. सुटीतली ही मौज वाईट नाही. ती घेण्याची फुरसत कामगारांनी भांडून मिळवलेल्या हक्कातून आली आहे. पण त्या मौजेचा दोर ज्याच्या हातात असतो त्याचे नाव कोणत्याही हजेरीपुस्तकात नसेल, तर त्याचे पोटही सुरक्षित नाही आणि वर लटकणाऱ्या पाहुण्याचा जीवही सुरक्षित नाही.

सुटी ही काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात आठवड्याची सुटी नव्हती. यंत्र साफ करण्यासाठी बंद ठेवावे लागे तेव्हाच काय ती माणसाला उसंत मिळे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी मिळावी हे त्यातले पहिले मागणे. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा, हीही कलमे त्यात होती. आणखी एक कलम होते, त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. कामावर जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असे ते कलम होते. गिरणीमालकांच्या संघटनेने १० जून १८९० रोजी आठवड्याची सुटी मान्य केली. इजेच्या भरपाईचा कायदा व्हावयास मात्र १९२३ साल उजाडावे लागले.

सुटी आणि इजा ही दोन कलमे लोखंड्यांनी एकाच अर्जात घातली हे फार अर्थपूर्ण आहे. विश्रांती आणि सुरक्षितता या एकाच भाकरीच्या दोन बाजू आहेत, हे त्या काळच्या फारसे न शिकलेल्या कामगारांना कळले होते. पुढे १९३६ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी सुटीचा ठराव केला. त्याच वर्षी फ्रान्समधील कामगारांनी मोठा संप करून वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवली आणि कित्येक कुटुंबांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आज मुंबईचा कारकून, पुण्याचा फिटर, ठाण्याची परिचारिका किहीमला येऊन दोन दिवस वाळूत पाय पसरते, ती या साऱ्या भांडणांची कमाई आहे. तेव्हा कोणी पाण्यावर तरंगून आनंदाने ओरडला तर मला राग येत नाही, उलट बरे वाटते.

आता कुंडलिकेकडे वळू. कोलाडला जे तराफे सुटतात ते पहाटे नव्हे, रात्री नव्हे, सकाळच्या एका ठरावीक वेळी सुटतात. असे का? नदीत पाणी त्या वेळी येते म्हणून. भर उन्हाळ्यात, सह्याद्रीतले ओढे कोरडे पडले असता हे पाणी येते कुठून? ते घाटापलीकडून येते. पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण आहे. निसर्गाने पूर्वेकडे पाठवलेले मुळा-नीळेचे पाणी त्या धरणाने अडवले, डोंगराला भोक पाडून ते पश्चिमेकडे वळवले, आणि नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. चाके फिरवून दमलेले ते पाणी कुंडलिकेत उतरते आणि त्यावर आजचे तराफे तरंगतात. हीच कुंडलिका पुढे रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. म्हणजे मुळशीचे पाणी शेवटी आपल्याच किनाऱ्याला लागते.

हे पाणी सहज आलेले नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी आपल्या जमिनीसाठी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात उतरले आणि त्यांनी दीर्घ तुरुंगवास सोसला. तीन-चार वर्षे ते भांडण चालले. धरण झालेच, गावे बुडाली, भाताची खाचरे बुडाली. ती वीज मुंबईला गेली आणि गिरण्यांचे साचे तिच्यावर फिरले.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या खात्यात धडधडणाऱ्या यंत्राला वीज कुठून येते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मुळशीत जमीन गेलेल्या शेतकऱ्याला त्या विजेवर विणलेल्या कापडाचे धोतर नेसावयास मिळाले की नाही, हे कोणी विचारले नाही. वडिलांची वार्षिक रजा गावी घर शाकारण्यात आणि शेताचे बांध घालण्यात जाई. रजेवरून ते जास्त दमून परत येत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तो संप रीतसर संपलाच नाही. गिरण्या गेल्या, त्या जागी मनोरे आणि बाजार उभे राहिले. माझी शाळा त्याच सुमारास सुटली, आणि पुढचे शिक्षण मी दिवसा कामावर व रात्री वाचनालयात घेतले. पण भिऱ्याचे पाणी थांबलेले नाही. ज्या पाण्याने माझ्या वडिलांचा साचा फिरवला, त्याच पाण्यावर आज सुटीतले पाहुणे तरंगतात. तराफ्याच्या मागच्या टोकाला वल्हे घेऊन कोणी कोलाडचा, कोणी हृषीकेशचा, कोणी नेपाळचा तरुण बसलेला असतो. साच्यावरच्या माणसाचे नाव निदान मस्टरवर होते. या वल्हेवाल्याचे कुठे आहे?

हाच प्रश्न बेलिझलाही विचारला गेला आहे, म्हणून त्या देशाची थोडी हकिगत सांगतो. १९८१ साली स्वतंत्र होईपर्यंत तो इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथील संपत्ती म्हणजे जंगलातील महोगनीचे लाकूड. प्रथम गुलामांनी आणि गुलामगिरी संपल्यावर नावापुरत्या स्वतंत्र मजुरांनी ती झाडे तोडली. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की ओंडके पाण्यात सोडीत आणि माणसे त्यांच्याबरोबर खाली समुद्रापर्यंत येत. म्हणजे बेलिझच्या नद्यांवर तरंगण्याचे काम पाहुण्यांच्या आधी मजुरांनी केले, तेही फुगवलेल्या ट्यूबशिवाय. नाताळच्या सुमारास शहरात मजुरांशी करार होत आणि हंगामाची उचल त्यांच्या हातावर ठेवली जाई. ती सणातच संपे. मग जंगलातल्या छावणीत मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने जिन्नस घ्यावयाचे आणि कर्जात राहून पुढच्या सालीही तिथेच राबावयाचे.

उचल हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या जिल्ह्यातील कातकरी बांधव पावसाळा संपता संपता उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ते आपण पाहतोच. सात समुद्रांपलीकडचे जंगल आणि आपली वाडी यांच्यात झाडे निराळी असतील, हिशेबाची वही सारखीच आहे.

बेलिझमध्ये कामाचा करार मोडणे हा कामगाराच्या बाबतीत फौजदारी गुन्हा होता. १९३४ मध्ये अँटोनियो सोबेरानिस नावाच्या एका न्हाव्याने बेकारांची आणि मजुरांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या. १९४३ पर्यंत कायदा बदलला आणि कामगार संघटनांना मान्यता मिळाली. आज त्याच देशात गुहांमधून पाहुण्यांना नेणाऱ्या वाटाड्याला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो. त्याचे नाव आणि त्याचे शिक्षण सरकारदरबारी नोंदलेले असते. तेथे सारे गोमटे आहे असे मी म्हणत नाही. पण आपल्याहून फार लहान असलेल्या देशाने दोर धरणाऱ्याचे नाव लिहून ठेवावयास सुरुवात केली, एवढे तरी खरे.

बेलिझच्या गुहा पाण्याने कोरल्या, कारण चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. तेथील माया लोकांना त्या गुहा पाताळाचे दार वाटत, आणि त्यांनी आत ठेवलेली मातीची भांडी अजून सापडतात. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. हा दगड पाण्याला दाद देत नाही. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या गुहा माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरल्या. घारापुरी, कुडे, कोंडाणे ही लेणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. लेण्यांत शिलालेख असतात, ते बहुधा दान देणाऱ्यांचे. परंतु कर्जत तालुक्यातील कोंडाण्याच्या लेण्यात एक निराळा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाची ती ब्राह्मीतली ओळ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने आपले नाव दगडात घालून ठेवले आणि ते आजही वाचता येते. आमच्या चळवळीत पहिली मागणी नेहमी पगारवाढीची नसते. पहिली मागणी असते मस्टरवर नाव लावण्याची. नाव नसले की रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि हात मोडला तर तो आमच्याकडे कामालाच नव्हता असे म्हणावयास मालक मोकळा.

आता किहीमच्या वाळूवर उतरू. गेल्या हिवाळ्यात मी तेथे एका तरुणाशी बोलत बसलो होतो. पाहुण्यांच्या अंगावर पट्टे बांधणे आणि पॅराशूट खाली आले की त्यांना झेलणे हे त्याचे काम. बावीस-तेवीस वर्षांचा, कोळीवाड्यातला. मी विचारले, "तू स्वतः कधी वर गेलास का रे?" तो हसला आणि म्हणाला, "दोर बगायला रोज पयला मीच जातो, काका. मौज म्हनून नाय गेलो कदी." रोजी किती विचारले तर म्हणाला की ती फेऱ्यांवर अवलंबून आहे. वारा पडला, गर्दी कमी झाली, की रोजी कमी. पावसाळ्यात धंदा बंद ठेवावा लागतो, तेव्हा काहीच नाही. कागद कसला आहे का, नेमणुकीचा, विम्याचा? त्याने ओल्या वाळूवर पायाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "ह्यो कागद."

पाहुण्याकडून मात्र कागदावर सही घेतात. आपल्या जबाबदारीवर आपण हा खेळ खेळत आहोत, अशी ती सही असते. म्हणजे वर जाणाऱ्याचे नाव लिहिलेले असते आणि त्याला वर पाठवणाऱ्याचे नसते.

दोराचे काम हे अडाण्याचे काम नव्हे, हे थोडे हिशेबाने सांगतो. समजा, दोन खांबांमध्ये शंभर मीटर लांबीची तार ताणली आहे आणि मधोमध ऐंशी किलोचा माणूस लटकला आहे. आपल्याला वाटेल, तारेवर भार ऐंशी किलोचा. तसे नाही. तारेला मध्ये पाच मीटरचा झोळ असेल तर तिच्यावर सुमारे चारशे किलोचा ताण येतो. झोळ दोनच मीटरचा ठेवला, तर तोच ताण हजार किलोच्या घरात जातो. तारेचे स्वतःचे वजन आणि माणसाचा हिसका निराळा. तार जितकी सरळ आणि ताठ दिसते, तितकी ती जास्त धोक्यात असते. गोदीतल्या क्रेनवर काम केलेल्या कोणत्याही जुन्या कामगाराला हे अनुभवाने ठाऊक असते. पण कालपर्यंत जाळी ओढणाऱ्या मुलाला ते कोणी तरी शिकवावे लागते. खारे पाणी, ऊन आणि वाळू यांनी दोर आतून कुजतो, वरून बरा दिसतो. तो केव्हा टाकून द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? रोज पहिला वर जाणाऱ्याला, की दोराचे पैसे वाचवू पाहणाऱ्याला? ज्या कामगाराला उद्या कामावर येऊ नको असे एका शब्दात सांगता येते, तो हा दोर मी लावणार नाही असे कसे म्हणेल? पाहुण्यांनी विचार करावा अशी जागा ही आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरात, आपल्या अलिबागला खेटून असलेल्या वरसोलीच्या किनाऱ्यावर पॅराशूटचा दोर तुटला आणि दोन महिला उंचावरून समुद्रात पडल्या. अंगात जॅकेट होते म्हणून वाचल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले होते. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे सारे खेळ त्यात आले. चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, सुरक्षिततेचे नियम पाळावे, प्रशिक्षित माणसे ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. ते योग्यच आहे. त्याच महिन्यात केंद्र सरकारने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम ही व्यवस्था सुरू केली. पण धंद्याची नोंद एका दारी आणि कामगाराची नोंद दुसऱ्या दारी, आणि दोन्ही दारांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी आजची तऱ्हा आहे.

मग कामगार कायदे काय करतात? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत नेमणूकपत्र आहे, भरपगारी रजा आहे, आणि रजेचा हक्क मिळण्यासाठी पूर्वी वर्षात २४० दिवस काम लागे ते आता १८० वर आणले आहे. सप्टेंबर ते मे राबणाऱ्या किहीमच्या पोराला हे १८० दिवस सहज भरतील. अडचण निराळीच आहे. ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. किनाऱ्यावर एकेका बोटीमागे चार-पाच पोरे असतात. कायद्याचा हात दहापर्यंत पोचतो आणि आमची माणसे पाचाच्या टोळीत उभी असतात.

यावर तोड नाही काय? आहे, आणि ती महाराष्ट्रानेच काढलेली आहे. मुंबईच्या बाजारांतल्या माथाडी कामगाराला असाच एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीची गोणी, दुपारी दुसरीची. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसे संघटित केली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगाराची आणि मालकाची दोघांचीही नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, तिच्यावर ठरावीक टक्के रक्कम मालकाने भरावयाची आणि त्यातून रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी. मालक शंभर असोत, मस्टर एकच. मांडव्यापासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यासाठी आणि कोलाडच्या नदीसाठी असे एक मंडळ का होऊ नये? प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम त्या मंडळाकडे जावी, त्यातून विमा व्हावा, शिक्षण द्यावे आणि पावसाळ्याचे महिने निभावण्यापुरता भत्ता मिळावा. दोर बाद करण्याचा अधिकार मंडळाने नेमलेल्या जाणत्या कामगाराला द्यावा, म्हणजे नोकरीच्या भीतीने कोणी कुजका दोर लावणार नाही.

माझ्या चळवळीतलेच काही मित्र म्हणतात की हे सगळे खेळ बंद करा, किनारा शांत राहू द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. बंद करा म्हणणाऱ्याने त्या कोळीवाड्यातल्या मुलाच्या चुलीचे उत्तर दिले पाहिजे. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही असे तीच माणसे सांगतात, जमिनी बंगल्यांखाली गेल्या आहेत. दुसरे मित्र म्हणतात की जीव धोक्यात घालण्यात कसली मौज? मी त्यांना सांगतो की परांचीवर रंग देणाऱ्या मजुराचा आणि माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचा जीव रोजच धोक्यात असतो. पाहुणा भीती विकत घेतो, मजूर भीतीची मजुरी घेतो. पाहुण्याला दहा मिनिटे जी भीती वाटते, तिच्यातून त्याला या दुसऱ्या माणसाची आठवण झाली तर त्या खेळाचा काही उपयोग झाला असे मी समजेन.

किहीमला सुटीचा आणखी एक धडा मिळालेला आहे. १९३० मध्ये सलीम अली तेथे राहत होते. परदेशात शिकून परतावे तो मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. बेकारीचे ते दिवस त्यांनी किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी पाहण्यात घालवले. नर घरटे अर्धे विणून टांगतो, मादी येते, ते पारखते, आणि तिला पसंत पडले तरच पुढचे काम होते. मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो. हे त्यांनी दिवसेंदिवस निरखून १९३१ मध्ये लिहिले आणि जगाने त्याची दखल घेतली. टांगलेली वस्तू पारखल्यावाचून तिच्यावर जीव सोपवू नये, यासाठी किहीमच्या पाखरांनी तपासनीस ठेवला आहे. माणसांनी अजून ठेवलेला नाही. आणि बेकारीतही असे काम करावयास राहते घर आणि दोन वेळचे जेवण लागते. पावसाळ्यातल्या आमच्या पोरांना ते मिळाले तर त्यांच्यातूनही कोणी समुद्राचा, माशांचा, वाऱ्याचा अभ्यास करणार नाही असे कोण म्हणेल?

आपण शहरातली मंडळी आहात. सुटीत आपण जाल, मुलांना न्याल, अवश्य जा. पट्टा बांधून घेण्याआधी त्या बांधणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. तुझे नाव काय? हा दोर कधी बदलला? आणि तुला काही झाले तर तुझा मालक घरी काय देणार? पहिल्या प्रश्नाला तो हसेल, दुसऱ्याला विचार करील, तिसऱ्याला गप्प बसेल. त्या गप्प बसण्याचा अर्थ ध्यानात घेऊन आपण ग्रामपंचायतीला, तहसीलदाराला, आमदाराला एक पत्र लिहा. पाहुण्याचे पत्र ते वाचतात. आमची निवेदने त्यांच्या सवयीची झाली आहेत.

लोखंड्यांच्या अर्जावर ५,५०० सह्या होत्या. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या अर्जावर आज एकशे चाळीस आहेत. सभागृहाच्या दाराशी टेबलावर तो ठेवला आहे. कामगारांच्या सह्यांखाली पाहुण्यांच्या सह्यांसाठी मुद्दाम जागा सोडली आहे. जाताना आपले नाव तेथे लिहिलेत तर मी आभारी होईन.